घरखर्चाची बॅटरी वेगळी, इंजिनाची वेगळी: शीडबोटीचा स्विच आणि वायरिंग

जुन्या शीडबोटीच्या केबिनमध्ये उतरलात की जिन्याच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, लाल मुठीचा एक गोल स्विच दिसतो. त्यावर चार खुणा असतात: ऑफ, १, बोथ, २. नवीन माणूस त्याला घरातला मेन स्विच समजतो. आल्यावर चालू करायचा, जाताना बंद करायचा आणि मधल्या वेळात बोथवर ठेवायचा, कारण दोन बॅटऱ्या एकीपेक्षा बऱ्या.

माझ्या दादाने हेच केलं होतं. मुरुडला नांगर टाकला, स्विच बोथवर, रात्रभर फ्रीज, दोन पंखे आणि डोलकाठीवरचा दिवा चालू. पहाटे चावी फिरवली तर सेल्फ नुसता टक् टक्. दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या. मतलई वारा सुटला होता म्हणून शीड उभारून निघता आलं. रेवदंड्याला एका ट्रॉलरवाल्याने स्वतःची बॅटरी लावून इंजिन चालू करून दिलं. वारा पडला असता तर चौघं जण किनारा दिसत असताना अडकून बसले असते.

मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. १४ वर्षं झाली. राहते बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात. बाबांची हयात मासेमारीत गेली, आणि दादाने दोन मित्रांबरोबर ३१ फुटांची ही जुनी फायबरची शीडबोट घेतली. मुरुडच्या त्या सकाळनंतर तिचं सगळं वायरिंग मी उपसून काढलं आणि नव्याने केलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांतले सगळे रविवार मी ताडपत्रीखाली त्या बोटीत काढले. जे हाताने केलं आणि मीटरने तपासलं, तेच इथे सांगते आहे.

आधी कागद घ्या

पाना हातात घेण्याआधी मोठा कागद घ्या आणि तुमच्या बोटीत आज जे आहे ते काढा. पुस्तकात असतं ते नको. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली प्रत्येक वायर कुठे जाते ते हाताने चाचपत जा. एकाने एका टोकाला वायर हलवायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला ओळखायची. आम्हाला यात दोन रविवार गेले. तीन वायरी अशा निघाल्या ज्यांचं दुसरं टोक टेप गुंडाळून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेत, लोंबत होतं, आणि त्यातली एक जिवंत होती.

पॅनेलच्या कामात आम्ही वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असलेला फेरूल, म्हणजे छोटी नंबरी नळी, चढवतो. बोटीतही तेच करा. पिवळ्या नंबरी फेरूलचं पाकीट अगदी स्वस्तात मिळतं. रात्री, हलत्या बोटीत, तोंडात टॉर्च धरून काम करायची वेळ आली की ‘१४ नंबर म्हणजे कंपासचा दिवा’ एवढं कळणं फार मोलाचं असतं.

दोन बॅटऱ्यांचे दोन स्वभाव

इंजिनाच्या बॅटरीचं काम क्षणाचं. २० हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ १५० ते २०० अँपिअर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. हिशोब केला तर एका स्टार्टला पाव अँपिअर-आवरसुद्धा जात नाही (एक अँपिअर तासभर दिला की एक अँपिअर-आवर). घरखर्चाच्या, म्हणजे दिवे-पंखे-फ्रीज चालवणाऱ्या, बॅटरीचं उलट. ती थोडं थोडं देते, पण दिवसरात्र देत राहते. म्हणून सेल्फसाठी स्टार्टिंग बॅटरी आणि घरखर्चासाठी डीप सायकल किंवा ट्युब्युलर बॅटरी घ्यायची. स्टार्टिंग बॅटरी पंख्या-फ्रीजला लावून वारंवार खाली उतरवली की तिच्या पातळ प्लेटा लवकर खराब होतात.

आमच्या बोटीचा एका दिवसाचा खर्च असा निघाला. फ्रीज ४ अँपिअर घेतो, पण निम्मा वेळच चालतो: ४८ अँपिअर-आवर. नांगरावरचा एलईडी दिवा ०.२ अँपिअरने १२ तास: अडीचच्या आत. दोन पंखे रात्रभर: ८. जीपीएस आणि खोली दाखवणारं यंत्र: १०. केबिनचे दिवे, मोबाइल चार्जिंग, व्हीएचएफ रेडिओ मिळून आणखी १०. एकूण सुमारे ८०. लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे घरखर्चाला १६० तरी हव्या. आम्ही २०० ठेवल्या. डोलकाठीवर आधी २५ वॅटचा जुना बल्ब होता, तो एकटाच रात्री २४ अँपिअर-आवर खायचा. सोलर पॅनेल घ्यायचा विचार असेल तर आधी तो बल्ब बदला.

बॅटरीत किती उरलंय ते व्होल्टेज सांगतं, पण बॅटरी दोन-चार तास शांत असेल तरच. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंग चालू असताना किंवा फ्रीज चालू असताना दिसलेल्या आकड्यावरून काही ठरवू नका.

चार खुणांचा स्विच

या स्विचच्या मागे तीन जाड खिळे, म्हणजे केबल आवळायचे बोल्ट, असतात: १, २ आणि कॉमन. १ वर पहिल्या बॅटरीचं प्लस, २ वर दुसऱ्या बॅटरीचं, आणि कॉमनवरून पुढे सेल्फ आणि दिव्यांचं पॅनेल. बोथवर तिन्ही एकत्र जोडले जातात. म्हणजे बोथवर दोन बॅटऱ्या दोन उरत नाहीत, त्यांची एकच बॅटरी होते. एक उतरली की दुसरी तिच्या पाठोपाठ उतरते. मुरुडला हेच झालं.

जुन्या जोडणीत अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) वायरही बहुतेक वेळा कॉमनवरच येते, म्हणून मूठ जिथे असेल ती बॅटरी चार्ज होते. इंजिन चालू असताना मूठ ऑफवरून नेली तर अल्टरनेटरला क्षणभर बॅटरीच उरत नाही. त्या क्षणी त्याचं व्होल्टेज उसळी मारतं आणि आतले डायोड जळतात. आधीच्या मालकाच्या काळात एकदा असंच झालं असावं, कारण अल्टरनेटरवर दुरुस्तीच्या खुणा होत्या. १ वरून २ वर जायचं तर बोथवरून जा. त्या बाजूने फिरवताना चांगला स्विच आधी नवी बॅटरी जोडतो आणि मगच जुनी सोडतो. ऑफच्या बाजूने फिरवायचं असेल तर आधी इंजिन बंद करा.

हाच स्विच ठेवायचा असेल तर शिस्त ही: नांगरावर असताना फक्त घरखर्चाची बॅटरी. सकाळी इंजिनाच्या बॅटरीवर फिरवून स्टार्ट, मग बोथ, म्हणजे दोन्ही चार्ज होतील. इंजिन बंद झालं की लगेच पुन्हा घरखर्चावर. हे दर वेळी लक्षात राहिलं तर काहीच अडचण नाही. पण थकलेला माणूस विसरतो, आणि नांगर टाकायच्या वेळी सगळेच थकलेले असतात.

म्हणून आम्ही तो काढला. त्याऐवजी तीन साधे चालू-बंद स्विच बसवले. पहिला फक्त घरखर्चाचा, दुसरा फक्त इंजिनाचा. तिसरा दोघींना जोडणारा, तो एरवी बंदच असतो आणि त्यावर लाल रंगाने ‘अडचणीत’ लिहिलंय. अल्टरनेटरची वायर स्विचवर न नेता फ्यूजमधून थेट घरखर्चाच्या बॅटरीला दिली, कारण भरपाईची खरी गरज तिलाच असते. दोन बॅटऱ्यांच्या प्लसमध्ये एक व्होल्टेज ओळखणारा रिले बसवला. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास चढलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की सोडतो. कंपनीप्रमाणे आकडे थोडे बदलतात, बॉक्सवर वाचून घ्या. आता रोज कोणी काही फिरवत नाही, इंजिनाची बॅटरी आपोआप भरते आणि पंखा तिला हात लावू शकत नाही.

अडचणीच्या स्विचबद्दल एक गोष्ट. इंजिनाची बॅटरी नुसती उतरली असेल तर तो चालू करून घरखर्चाच्या जोरावर स्टार्ट मारता येतो. पण तिच्या आत शॉर्ट झाला असेल तर ती चांगल्या बॅटरीलाही खाली ओढते. त्यामुळे आधी इंजिनाच्या बॅटरीचा स्विच बंद करा, मग अडचणीचा चालू करा. अशी जोडणी मुळातच ठेवायची, की बिघडलेली बॅटरी बाजूला काढता येईल.

लिथियमची हवा सध्या जोरात आहे. बॅटरी उत्तम असते, हलकी असते. पण तिच्या आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) धोक्याच्या वेळी स्वतःच तोडून टाकतं, आणि इंजिन चालू असताना त्याने तोडलं तर अल्टरनेटरची तीच गत होते जी ऑफवर झाली असती. लेड अ‍ॅसिडची बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम ठेवली आणि बाकी सगळं तसंच, असं करू नका. मध्ये डीसी टू डीसी चार्जर लागतो आणि तिचा शॉर्टचा करंट अडवू शकेल असा टी क्लास फ्यूज लागतो.

ऑफ केल्यावरही जे चालू राहायला हवं

स्विच बंद करून घरी गेलात तरी बिल्ज पंप जिवंत असलाच पाहिजे. या एका गोष्टीवर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. आमच्या बोटीत पूर्वी कुणी कारागिराने पंपाची वायर स्विचच्या पुढच्या बाजूला, पॅनेलवर दिली होती. मालक नियमाने स्विच ऑफ करून जायचा आणि पंपही बंद पडायचा. एका पावसाळ्यात बोटीत इंजिनाच्या पायापर्यंत पाणी चढलं होतं, त्याची रेघ मला खरवडून काढावी लागली.

पंपाची वायर घरखर्चाच्या बॅटरीवरून थेट, स्विचच्या आधी, स्वतःचा फ्यूज लावून. फ्यूज पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच, मोठा नाही. पंपाच्या पात्यात कचरा अडकून तो जाम झाला तर तो फ्यूज उडायला हवा, नाहीतर वायर तापते. सोलर कंट्रोलरही असाच थेट बॅटरीवर, फ्यूजमधून. त्यात आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना उलट.

फ्यूज वायरसाठी असतो

कारखान्यात शॉर्ट झाला तर मागे ब्रेकर असतो, त्याच्या मागे आणखी एक. बोटीत बॅटरीच्या मागे कोणी नाही. भरलेली मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर हजारच्या वर अँपिअर देते आणि पाना खिळ्याला वेल्ड होतो. फ्यूज हा यंत्र वाचवण्यासाठी नसून वायर जळू नये म्हणून असतो, हे डोक्यात ठेवलं की त्याची जागाही कळते. प्लसच्या खिळ्यापासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कोणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. अमेरिकेत बोटींसाठी एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) या संस्थेचा नियम वापरतात, त्यात हे अंतर ७ इंच, म्हणजे १८ सेंटीमीटर धरलंय. सेल्फच्या केबलला त्यातून सूट आहे. ती केबल मात्र कुठे घासत नाही ना, ते दरवर्षी हात फिरवून बघा.

बॅटरीवर काम करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. मी मंगळसूत्रही काढून डब्यात ठेवते. आधी मायनस सोडायचं आणि जोडताना मायनस शेवटी. बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडं ठेवा, लेड अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो.

कोणती वायर, किती जाड

घरगुती वायर बोटीत चालत नाही. खारी हवा तांब्याच्या तारेत वर चढत जाते. आम्ही काढलेली एक जुनी केबल मी मुद्दाम उभी चिरली. टोकाला हिरवट पूड होती, ती कापून नवीन थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) लावू असं दादा म्हणत होता. पण आतल्या तारा वीतभर आत गेल्या तरी काळ्याच होत्या. त्यावर कोणतंही थिंबल धरणार नाही. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची केबल घ्या. महाग आहे, पण आत इंजिनामागे हात घालून हे काम पुन्हा करायचं म्हटलं की पैसे वसूल.

जाडी ठरवताना करंट जळण्याइतका नको एवढंच बघू नका. १२ व्होल्टमध्ये खरा प्रश्न वाटेत व्होल्टेज गळण्याचा असतो. नियम साधा: नेव्हिगेशनचे दिवे, पंप, यंत्रं यांना ३ टक्क्यांपेक्षा जास्त गळती नको. बाकी कामांना १० टक्क्यांपर्यंत चालते. वायरची लांबी जातानाची आणि येतानाची, दोन्ही धरायची.

गणित असं. एकूण मीटर गुणिले ०.०१७२, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर. उत्तर व्होल्टमध्ये. आमच्या डोलकाठीच्या टोकापर्यंत एका बाजूचं अंतर १८ मीटर, दोन्ही मिळून ३६. जुना २५ वॅटचा बल्ब २ अँपिअर घ्यायचा. अडीच स्क्वेअरच्या वायरवर अर्धा व्होल्ट गळतो, म्हणजे ४ टक्क्यांच्या वर. ४ स्क्वेअर घातली तर ०.३१ व्होल्ट, अडीच टक्क्यांच्या जरा वर, चालेल. एलईडी ०.२ अँपिअर घेतो, त्याला दीड स्क्वेअरसुद्धा भरपूर आहे. नांगर ओढणाऱ्या विंडलासचं मात्र १० मीटर दूर ८० अँपिअरचं काम, तिथे ३५ स्क्वेअर घातलेली बरी.

थिंबल नीट दाबण्यासाठी योग्य डायचा क्रिम्पर घ्या. पक्कड किंवा हातोडा नको. ३५ स्क्वेअरचं थिंबल दाबल्यावर मी केबल पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढते, हललं तर कापून नवीन. मग आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवायची आणि गोंद कडेने डोकावेपर्यंत तापवायची. नुसत्या सोल्डरवर सांधा सोडू नका, बोट सतत थरथरत असते आणि सोल्डर जिथे संपतो तिथे तार तुटते. थिंबल बंद गोलाचं हवं, उघड्या चिमट्याचं नको. स्क्रू सैल झाला तरी गोल निसटत नाही. एका खिळ्यावर चारच्या वर थिंबलं नकोत, सगळ्यात जाड सगळ्यात खाली.

रंगाबद्दल माझं मत पुस्तकाहून वेगळं आहे. अमेरिकेतली पुस्तकं सांगतात की १२ व्होल्टच्या मायनसला पिवळी वायर वापरा, कारण तिथे काळी वायर घरच्या विजेची जिवंत वायर असते. आपल्याकडे पिवळा फेज असतो आणि काळा न्यूट्रल. आपला वायरमन बोटीत पिवळी वायर बघून काय समजेल? मी १२ व्होल्टला लाल आणि काळीच ठेवली, आणि जेट्टीवरून येणारी २३० व्होल्टची लाइन करड्या आवरणाच्या केबलमधून, वेगळ्या बाजूने, वेगळ्या डब्यात नेली. तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर. पाण्यावर त्याच्याशिवाय २३० व्होल्ट आणूच नयेत.

मीटर कुठे लावायचा

एक उदाहरण देते. नवीन बॅटरी असूनही इंजिन जड फिरायचं. दादा सेल्फ उतरवून दुरुस्तीला न्यायला निघाला होता. मी त्याला चावी धरायला सांगितलं आणि मोजलं. स्टार्ट मारताना बॅटरीच्या खिळ्यांवर ११.४ व्होल्ट, सेल्फवर ९.२. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या प्लसवर, पुन्हा स्टार्ट: ०.६. म्हणजे प्लसच्या बाजूला फार दोष नाही. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं सेल्फच्या लोखंडी अंगावर: १.६. बॅटरीची मायनस केबल इंजिनाला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे थिंबलाखाली रंग होता. पॉलिश पेपरने रंग काढून चकचकीत केलं, पुन्हा आवळलं, वरून ग्रीस. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. सेल्फ अजून तोच आहे.

लोक प्लसचा माग काढतात आणि मायनस विसरतात. कोणतंही यंत्र मंद चालत असेल तर ते चालू ठेवून दोन्ही वाटा अशाच मोजा, मग अर्ध्या-अर्ध्याने जवळ या: खिळा ते थिंबल, थिंबल ते स्विच, स्विचच्या एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत. चांगल्या स्विचवर आकडा नगण्य येतो. आमच्या जुन्या लाल स्विचवर पॅनेलच्या लोडलाच पाव व्होल्ट जात होता, हेही तो काढण्याचं एक कारण. करंट मोजायचा तर डीसी मोजणारा टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) लागतो. वायरमनकडचा साधा टाँग टेस्टर एसीच मोजतो, तो १२ व्होल्टच्या वायरवर शून्य दाखवेल आणि तुम्ही फसाल.

बोट सोडून घरी जाताना आमचा क्रम ठरलाय, आणि तो स्विचच्या शेजारी चिकटवलाय. फ्रीज बंद, पॅनेल बंद. इंजिनाचा स्विच ऑफ, घरखर्चाचा ऑफ, अडचणीचा ऑफच आहे ना ते हात लावून. बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहायचं. मग फळी उचलून बिल्जमधला फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच, बोटाने वर करायचा. बाबा आता बोटीवर फारसे येत नाहीत, पण आले की एवढंच विचारतात, “बाय, पंप ऐकलास का?” सगळे स्विच बंद असताना पंप घरघरला की फ्लोट सोडायचा, फळी लावायची आणि उतरायचं.